भोगवर्धनच्या वाटेवर आमची गाडी

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला पोचलो, की आम्ही गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभी करतो. बायामाणसे चहा घेतात, मुले पाय मोकळे करतात आणि आमच्यातला एकजण वाकून गाडीखाली तेल गळते का ते पाहतो. मग मोठी माणसे मुलांना सांगतात, ‘‘बाळांनो, हे नुसते तालुक्याचे गाव नव्हे. हेच प्राचीन भोगवर्धन.’’ १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि त्या वेळचे मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली, हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ती सापडली. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या माणसांचीही नोंद आहे. या गावच्या उपासक-उपासिकांचे दान इतक्या दूर पोचले होते, हे ऐकून मुले गप्प होतात.

आमची गाडीही पाच घरांच्या वर्गणीची आहे. कोणी रोलिंग मिलमध्ये कामाला, कोणी हमालीला, कोणी गवंडीकामाला. एकट्याने गाडी घेण्याची कोणाचीच ऐपत नव्हती. पण रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचे झाले, तर दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. वेरूळ-अजिंठा मुलांनी पुस्तकातच पाहिलेला. म्हणून दोन वर्षे पैसे साठवून आम्ही जुनी क्वालिस घेतली.

टोयोटा या जपानी कंपनीची ही डिझेल गाडी भारतात २००० साली आली आणि २००५ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज मिळणारी प्रत्येक क्वालिस वीस वर्षांच्या घरातली किंवा त्याहून जुनी. तरीही आम्ही तीच निवडली, कारण तिचे २.४ लिटरचे इंजिन साधे आहे. त्याला संगणकाची भानगड नाही, जाणता मिस्त्री ते उघडून बसवू शकतो.

जुनी गाडी पाहायला जाताना आम्ही सकाळी लवकर गेलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम लागले, तर मालकाने ते आधीच सुरू करून ठेवले आहे असे समजावे. डिझेल गाडीची परीक्षा थंड इंजिनावरच होते. धूर काळा येत असेल, तर एअर फिल्टर किंवा नोझल पाहावे. निळसर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळते आहे. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढल्यावर भकाभका धूर आला, तर सरळ घरी परतावे. मागचे पाटे, खालची चेसी, दारांखालचा गंज हे सारे उजेडात पाहावे.

त्याहून महत्त्वाचे कागद. चेसी नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ते पाच वर्षांपुरतेच असते आणि पर्यावरण कर वेगळा. ती मुदत कधी संपते हे विचारल्याशिवाय भाव ठरवू नये. विमा आपल्या नावावर झाला पाहिजे. गाडी एकाच्या नावावर असली, तरी पाचही घरांचा हिस्सा आम्ही स्टॅम्प पेपरवर लिहून घेतला. भावाभावांत कागद कशाला, असे एकाने विचारले. कागद असला की भाऊ भाऊच राहतात, असे दुसऱ्याने उत्तर दिले.

खरी कसोटी पुढे लागली. मिस्त्री म्हणाला, ‘‘टायमिंग बेल्ट बदला. या इंजिनाचा बेल्ट लाख किलोमीटरला बदलतात. मागचा कधी बदलला याची नोंद नाही.’’ खर्च ऐकून आमच्यात वाद झाला. गाडी व्यवस्थित चालते आहे, मग ती उघडायची कशाला? दोघांनी हिस्सा द्यायला नकार दिला. पाच घरांची एकी तिथेच मोडायची पाळी आली.

त्या बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी बाबासाहेबांच्या आयुष्यातला प्रसंग सांगितला. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच माणूस बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, टांगा आणि घोडा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ताई म्हणाल्या, ‘‘त्या माणसाचा दोष नव्हता, त्याला कोणी शिकूच दिले नव्हते. आज आपल्याला शिकायला कोण अडवते? लगाम हातात आला, आता हाकायची विद्याही आली पाहिजे. या गाडीत आपली लेकरे बसणार आहेत.’’

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाचही हिस्से जमा झाले. मिस्त्रीने काढलेला बेल्ट उलटा वाकवून दाखवला, तेव्हा त्याला भेगाच भेगा होत्या. तो रस्त्यात तुटला असता, तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकून कितीतरी पट खर्च आला असता. तो जुना बेल्ट आम्ही टाकून दिला नाही, बैठकीच्या खोलीत खिळ्याला अडकवला आहे.

तेव्हापासून गाडीची वही आहे. ऑइल कधी बदलले, डिझेल फिल्टरमधले पाणी कधी काढले, टायरची हवा कोणी पाहिली, सारे तारखेसह लिहायचे. वही दर महिन्याला सर्वांसमोर वाचली जाते. आमच्या दोन मुली गाडी चालवायला शिकल्या आहेत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावायची नाही आणि आर.सी. बुकात जितक्या सीट तितकीच माणसे बसवायची, हे दोन नियम पक्के. दीक्षाभूमीला जाताना समृद्धी महामार्ग आहेच, पण तिथल्या सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात. म्हणून जुने टायर बदलूनच निघतो आणि वेग आवरून चालतो.

भोकरदनहून पुढे सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट लागतो. उतारावर नुसते ब्रेक दाबत राहिले तर ते तापून निकामी होतात, म्हणून खालचा गिअर टाकून सावकाश उतरायचे. फर्दापूर फाट्याला आपली गाडी ठेवून एस.टी.च्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे. दहाव्या लेण्यातल्या स्तूपासमोर आमची मुले पहिल्यांदा हात जोडून उभी राहिली, तेव्हा बेल्टसाठी भांडलेले ते दोघे भाऊ सर्वांत पुढे होते.

वाचक बंधू-भगिनींनो, जुनी गाडी घेणे अवघड नाही, पाच जणांनी मिळून ती नीट ठेवणे अवघड आहे. त्याला पैसा लागतो, पण त्याहून अधिक हिशेब आणि शिकण्याची तयारी लागते. ती असेल तर अवश्य घ्या, आणि पहिल्याच दिवशी एक वही घाला.

जय भीम.