लाल शाई आणि एक आडवी रेघ

इंग्रजी शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. विद्यार्थ्यांच्या किती चुका सुधारल्या, हे सांगता येणार नाही. मात्र विरामचिन्हांविषयीचे आमचे रागलोभ पक्के होत गेले, एवढे खरे. अर्धविराम आमचा लाडका. पूर्णविरामाइतका तो तुसडा नाही आणि स्वल्पविरामासारखा उतावळाही नाही. उद्गारचिन्ह आम्हांस बाजारातल्या आरोळीसारखे वाटे. आणि डॅश, म्हणजे ती आडवी रेघ, तिचा तर आम्ही द्वेषच करीत असू. ज्याला वाक्य नीट संपविता येत नाही तो रेघ ओढतो, असे वर्गात बजावीत असू.

अशा आवडीनिवडी आमच्यापुरत्याच नाहीत. तीन वस्तूंची यादी लिहिताना शेवटच्या 'आणि'आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर इंग्रजी लिहिणाऱ्यांत आजही दोन तट आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय तो देते, म्हणून तो ऑक्सफर्ड स्वल्पविराम म्हणूनच ओळखला जातो. पुष्कळशी वृत्तपत्रे तो गाळतात. हा पंडितांचा पोरखेळ आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील मेन राज्यात एका दूध कंपनीच्या गाडीचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा लावला होता. असा मोबदला कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी कायद्यात होती. पण तिच्या शेवटच्या 'किंवा वितरण' या शब्दांआधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे स्वतंत्र काम, की आधी सांगितलेल्या बांधणीचाच एक हेतू, हे ठरेना. २०१७ साली अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला. २०१८ साली ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

हे वाचून आमच्यातला मास्तर सुखावला. पण नियमाच्या याच अभिमानाने आमच्या घरात एक नुकसान केले होते.

आमचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याची इंग्रजी पत्रे डॅशांनी भरलेली असत. आईची आठवण, एक रेघ. समुद्र खवळला, एक रेघ. पगार पाठविला, पुन्हा रेघ. १९८४ च्या पावसाळ्यात असे एक पत्र आम्ही लाल शाईने सुधारून त्याला परत पाठविले. पुढची पत्रे आली ती चार ओळींची, प्रत्येक वाक्यापुढे बिनचूक पूर्णविराम. त्यांत समुद्र नव्हता आणि आईही नव्हती.

पुढे एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीविषयी वाचनात आले. तिच्या हस्तलिखितांत जागोजागी डॅश आहेत. तिच्या मृत्यूनंतर, १८९० साली, पहिला संग्रह काढताना संपादकांनी त्यांतले पुष्कळ काढून रूढ चिन्हे घातली. १९५५ साली टॉमस जॉन्सन यांच्या आवृत्तीत ते परतले. तोवर दोन पिढ्यांनी तिची कविता दुसऱ्याच्या विरामांनी वाचली होती. आम्हांस ते लाल शाईचे पत्र आठवले.

भाऊ निवृत्त होऊन घरी आल्यावर आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला. "दादा, जहाज हलत असे. हात थांबेल तिथे रेघ ओढायचो. पुढे तीच सवय झाली."

कायद्याच्या कागदावर आमचा आग्रह आजही कायम आहे. पण परवा त्याच्या लेकीचे पत्र आले, त्यात अकरा डॅश होते. आम्ही लाल पेन शोधले नाही. पत्र दोनदा वाचले आणि उत्तर लिहिताना एके ठिकाणी, जरा संकोचूनच, एक आडवी रेघ ओढली.