कुलाब्याचा मनोरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईचे एखादे जुने छायाचित्र पाहताना, कुलाब्याच्या चिंचोळ्या भूमीवरील बैठी घरे, माडांची दाटी आणि छावणीच्या बराकी या सर्वांवर एकटाच उभा असलेला अफगाण चर्चचा मनोरा दृष्टी प्रथम खिळवून ठेवतो. त्या काळी काचेवर चित्र उमटावयास काही क्षण जावे लागत, आणि तेवढ्या अवधीत जे जे हलले, मग ती पादचारी माणसे असोत की वाऱ्याने फुगलेली शिडे, ते ते पुसट होई वा साफ नाहीसे होई. तेव्हा मनोऱ्याभोवती जी समाधिस्थ शांतता भासते, तिचे निम्मे श्रेय त्या मंद काचेलाच दिले पाहिजे.

हा 198 फुटी मनोरा 1865 साली पुरा झाला; चर्चमधील उपासना मात्र 1858 पासूनच चालू होती, म्हणजे देव आधी आला आणि शिखर मागाहून. खर्चाला पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांचाही हातभार लागला. सरकारने जमीन दिली तीच मुळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना मनोरा दुरून दिसावा, या अटीवर. देवळात शिरता न आल्यास आपण कळसाला हात जोडून परततो. तसलेच कळसदर्शन समुद्रावरच्या खलाशांनाही घडत असेल, आणि त्यात भक्ती किती व किनारा गवसल्याचा सुटकारा किती, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही.

परंतु आकाशाकडे झेपावणाऱ्या या दगडाचा पाया दुःखात आहे. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्यांचे हे स्मारक. आत भिंतीवर अंमलदारांची नावे कोरलेली आहेत, आणि प्रार्थनेच्या बाकांना बंदुका टेकविण्यासाठी खाचा आहेत. 1842 च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघालेल्या फौजेबरोबर सुमारे 12,000 बाजारबुणगे होते, बहुतेक हिंदी. बर्फातून त्यांतले फार थोडे जिवंत परतले. त्यांची नावे येथे शोधू नयेत. ऊर्ध्वगामी आकृतीने मन उन्नत होते हे मला मान्य आहे. पण ते उन्नयन कोणाच्या वाट्याला आले, हा प्रश्न मनोऱ्याला विचारल्यावाचून त्याची थोरवी मी पुरती कबूल करणार नाही.

म्हणून कुलाब्यास जाणाऱ्यांना एवढीच विनंती, की येथे कळसदर्शनावर समाधान मानू नये. आत जाऊन बाकांवरील त्या खाचांवरून एकदा हात फिरवावा.