थांबलं तिथून पुढं

नागपुरात तेव्हा लिनक्स यायचं ते मासिकासोबत. ‘पीसी क्वेस्ट’बरोबर सीडी मिळायची, 2003 पासून ‘लिनक्स फॉर यू’ निघू लागलं, आणि अंक आला का हे विचारायला बर्डीवर चकरा व्हायच्या. इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. डायल-अपवर सेकंदाला पाच केबी मिळाले तर लाइन चांगली म्हणायची. त्या वेगानं 700 एमबीची एक सीडी उतरवायला चाळीस तास, आणि तोवर घरचा फोन अडकलेला. म्हणून एकच सीडी धरमपेठेतून प्रतापनगरला, तिथून कुणाच्या होस्टेलवर आणि दिवाळीच्या सुट्टीत चंद्रपूर-यवतमाळपर्यंत जायची. तिच्या प्रती काढायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. जीपीएल परवान्यात तशी मुभा लिहूनच दिलेली होती. रविवारी घरी शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगत असे. तोवर प्रत्येक सॉफ्टवेअर चोरून उतरवलेल्या सीडीवरच पाहिलेली ती मुलं. ‘ही उघडपणे वाटा, वाटायलाच केलेली आहे’ हे ऐकल्यावर त्यांची बसण्याची ढबच बदलायची.

पुढं उबंटूच्या सीडी टपालानं फुकट येऊ लागल्या आणि 2011 पर्यंत येत राहिल्या. आज ज्याच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे त्याच्या खिशात लिनक्सचं कर्नल आहेच; नवीन वितरण उतरवायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. हा फायदा खरा आहे आणि तो मला मनापासून हवा होता.

पण त्या अडचणींनी यंत्र उघडून पाहायला लावलं, हेही तितकंच खरं. पडद्यावर चित्र यावं म्हणून एक्सफ्री86 च्या फाइलीत मॉनिटरचे आडवे-उभे वेग हातानं लिहावे लागत. आकडा चुकला तर मॉनिटरलाच इजा होण्याची भीती, म्हणून त्याचं माहितीपत्रक जपून ठेवायचं. मॉडेम विकत घेताना तो विंडोजच्या भरवशावर चालणारा तर नाही ना, हे दुकानदाराला खोदून विचारायचं, कारण असे बहुतेक मॉडेम लिनक्सवर मुके राहत. बूट होताना कर्नल चढवणारा लिलो ‘एल आय’ एवढीच अक्षरं दाखवून थबकला, तर ती दोनच का आली यावरून दोष कुठं आहे ते ओळखायचं. हे ज्यानं केलं त्याला संगणकात काय कुठं असतं ते कधी वेगळं शिकवावं लागलं नाही.

कर्नल कंपाइल करायला बसायचं ते बहुधा मे महिन्यात, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच. बाहेर पंचेचाळीस अंश, खिडकीत खसचा कूलर, आणि पडद्यावर फाइलींची नावं सरसर वर जाताहेत. जुन्या पेंटियमवर हे तासन् तास चाले. मधेच भारनियमनाची वेळ होई. पंखा थांबे, कूलर थांबे, पडदा काळा. वीज परत आली की ईएक्सटी2 या फाइलव्यवस्थेची पूर्ण डिस्क तपासली जायची आणि आम्ही सगळे ती टक्केवारी पाहत बसायचो. ईएक्सटी3 आल्यावर हा ताप संपला. बदल आधी नोंदवहीत टिपायचा आणि मग डिस्कवर करायचा, म्हणजे वीज गेली तरी नोंद वाचून सावरता येतं, ही कल्पना मुलांना त्यामुळेच चटकन कळली. आणि मग ‘मेक’. पुन्हा तीच आज्ञा दिली की ते पहिल्यापासून सुरू करायचं नाही. कुठली मूळ फाइल तिच्या तयार फाइलीपेक्षा नवी आहे ते वेळांवरून ताडून पाहायचं आणि राहिलेलं तेवढंच करायचं. अवलंबन म्हणजे काय हे फळ्यावर समजावताना घसा कोरडा पडतो. मेच्या उन्हात वीज जाऊन आल्यावर ते एका मिनिटात समजायचं. आता लॅपटॉपला बॅटरी असते, कर्नल थोड्या वेळात तयार होतं, आणि ते कंपाइल करावं असं वाटणारा मुलगा क्वचितच भेटतो. म्हणून मी आता मुद्दाम मधेच कंपाइल तोडायला लावतो. पुन्हा ‘मेक’ द्या म्हणतो.

तेव्हाचा प्रश्न आजही तोच: ‘सर, हे काऊन नाही चालून राहिलं?’ पूर्वी याचं उत्तर ‘मॅन’ पानांत शोधायचं, कारण मदत त्या यंत्रातच होती. आज उत्तर फोनवर एका क्षणात मिळतं, हल्ली तर अख्खा प्रोग्रामच लिहून मिळतो. मिळालेलं वाचायची सवय मात्र लावावी लागते. त्यासाठी माझा जुना धडा अजून चालतो. ‘कॅल 9 1752’ अशी आज्ञा द्यायला सांगतो. सप्टेंबरच्या 2 तारखेनंतर एकदम 14 येते. यंत्र बिघडलं असं सगळ्यांना वाटतं; मग ‘मॅन कॅल’ उघडून वाचलं की इंग्लंडनं त्या वर्षी दिनदर्शिका बदलल्याचं कळतं.

माझा स्वतःचा सगळ्यात जुना आणि आजही चालू असलेला प्रकल्प एका छोट्या वाचनालयाच्या पुस्तकयादीचा. सुरुवातीला यादी रोमन अक्षरांत ठेवावी लागली. मराठी फाँट होते, पण एका फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता चिखल. युनिकोड आलं तेव्हा मी युडिट नावाच्या संपादकात पहिली शंभरेक नावं मराठीत टंकली. टर्मिनलमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. ‘दुसऱ्या’ लिहावं तर रफार चढून ‘दुसर्या’ दिसे. अक्षरांची मांडणी करणारं पँगो आणि लोहित फाँट आले तसं हे हळूहळू निस्तरलं. ते निस्तरणारे लोक पुण्या-मुंबईत, बंगळुरात आपापला वेळ देऊन बसले होते, त्यांचे उपकार मराठीनं विसरू नयेत.

मग गाठ पडली ती क्रमाशी. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा संकेतांक आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणून संकेतांकांप्रमाणं लावलं तर ‘क्षितिज’ थेट ‘क’च्या घरात शिरतं आणि ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’च्या. वाचनालयातल्या काकू बोट फिरवत शेवटच्या पानावर शोधत, आणि पुस्तक तिथं नसे. शाळेतली बाराखडी समोर ठेवून मी सी भाषेत एक तक्ता लिहिला. परवा एका मुलीनं तोच प्रोग्राम पायथनमध्ये पाऊण पानात बसवला. तक्ता तिनं तसाच ठेवला.

शिकवणंही आता मराठीत मिळतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचे. केरळनं आपल्या शाळांमध्ये लिनक्स नेलं तसं इथं झालं असतं तर वर्ध्या-भंडाऱ्याच्या किती मुलांना ते आठवीतच भेटलं असतं, हे मला अजून टोचतं.

सध्या माझ्याकडे गडचिरोलीकडचा एक मुलगा येतो. घरात गोंडी बोलतो. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी घडवलेली लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली, तिचा मोफत नोटो फाँटही आहे, आणि लिनक्सवर कळफलकाची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत असते. म्हणजे त्याला कुणाच्या दारात जायची गरज नाही. फाइल उघडायची आणि लिहायचं. देवनागरीचे संकेतांक चार अंकी, मसरामचे पाच अंकी, तेवढं सांभाळावं लागतं. शिवाय या लिपीत दिसणारा हलन्त वेगळा आणि जोडाक्षर करणारा विराम वेगळा, तेव्हा कळाही दोन हव्यात. गेला सगळा रविवार त्यातच गेला. विराम त्यानं नेहमीच्या ‘डी’वर ठेवलाय, हलन्त शिफ्टवर. गावाकडं ही लिपी शिकवणाऱ्या गुरुजींच्या हाताला ते कसं वाटतं हे विचारून मगच मांडणी पक्की करू, असं तो म्हणाला.