पाठीवरचे बिऱ्हाड आणि त्याचे वजन

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. त्या पाठीला किती भार सोसतो, हे मात्र कोणी विचारत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात ३२ वर्षे संसार केल्यानंतर, वयाच्या ६७व्या वर्षी, हा प्रश्न माझ्यापुढे अगदी शब्दशः उभा राहिला.

ह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन सहा वर्षे झाली. या आजारात प्रवास अशक्य होत नाही, पण हॉटेलातला प्रवास नकोसा होतो. अनोळखी खोलीत रात्री उठणे, गुळगुळीत फरशीचे स्नानगृह, वेळेवर न मिळणारे जेवण या सगळ्याची धास्ती वाटते. लेव्होडोपाची गोळी घड्याळ्याच्या काट्यावर द्यावी लागते आणि प्रथिनयुक्त जेवण तिच्या फार जवळ आले, तर ह्यांच्या बाबतीत तिचा परिणाम मंदावतो. स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे अंथरूण आणि चार पावलांवर शौचालय सोबत नेता आले, तर मिशिगनच्या उत्तरेला सुपीरिअर सरोवराच्या काठी पुन्हा एकदा जाता येईल, असे मनात आले. ह्यांची ती फार दिवसांची इच्छा होती. त्यातून आम्ही उतरवता येणारा कॅम्पर घेतला. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात ही छोटी खोली बसवतात आणि मुक्कामाला पोचल्यावर चार कोपऱ्यांच्या जॅकवर उचलून ट्रकपासून वेगळी करतात. मागे ओढण्याचे घर मला नको होते. गाडी मी चालवणार होते, आणि जोडलेले घर उलटे घेण्याची कसरत या वयात शिकायची माझी तयारी नव्हती.

विक्रेत्याने सांगितलेला कॅम्परचा आकडा कोऱ्या वजनाचा असतो, ही पहिली गोष्ट कळली. त्यात पाणी, गॅस, बॅटऱ्या आणि मागाहून बसवलेली उपकरणे धरलेली नसतात. दुसरी गोष्ट ट्रकच्या नावाची. ‘अर्धा टन’, ‘एक टन’ ही जुन्या काळची नावे आहेत, त्यांच्यावरून आजच्या ट्रकची क्षमता ठरत नाही. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि तोही त्याच एका गाडीचा. एकाच नावाच्या दोन गाड्यांतही तो वेगळा निघतो, कारण डिझेलचे जड इंजिन किंवा जास्तीच्या सोयी भार वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होतात. आमच्या पेट्रोलच्या ट्रकवर लिहिले होते : माणसे आणि सामान मिळून १,८८२ किलो, भारासह गाडीचे एकूण कमाल वजन ५,२१६ किलो, मागच्या ॲक्सलवर जास्तीत जास्त ३,१७५ किलो. (मूळ आकडे पौंडांत आहेत. मी ते किलोत करून घेतले, कारण तांदूळ मला अजूनही पौंडांत मोजता येत नाही.)

मग वही घेऊन बसले. कोरा कॅम्पर १,१५० किलो. वातानुकूलन यंत्र, छत्री आणि बॅटऱ्या १३०. टाकीतले पाणी ११५ लिटर, म्हणजे तितकेच किलो. गरम पाण्याच्या टाकीत आणखी २३. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर ३४, कॅम्पर ट्रकला जखडून ठेवणारी साधने ४५, आम्ही दोघे १३०. उरलेले सामान २१० किलो. ते मोजायला घरातला साधा काटा पुरला. आधी आपण एकटे उभे राहायचे, मग पिशवी घेऊन उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. बेरीज आली १,८३७. कागदावर ४५ किलोंची सवड होती.

कागदावर विसंबायचे नाही, असे मी आधीच ठरवले होते. इथे महामार्गावरच्या ट्रकथांब्यांवर मोठे वजनकाटे असतात. पुढची चाके एका पाटावर, मागची दुसऱ्या पाटावर उभी करून थोडक्या पैशांत छापील चिठ्ठी मिळते. निघण्याच्या दहा दिवस आधी सगळे सामान, भरलेले पाणी आणि आम्ही दोघे, असे तिथे गेलो. पुढे २,०४०, मागे ३,२६०, एकूण ५,३००. एकूण मर्यादेपेक्षा ८४ किलो जास्त आणि मागच्या ॲक्सलवर ८५ किलो जास्त. आधीच्या मालकाने बसवलेल्या पायऱ्या, हौद्यातले जाड रबर, कॅम्परमधले कपाट या सगळ्यांचा हिशेब काट्याने एका दमात पुढे ठेवला.

पुढच्या ॲक्सलवर सवड असली, तरी ती मागच्याला उसनी देता येत नाही. आणि मागच्या टायरांची तर कमालच होती. दोन्ही मिळून ३,३०२ किलो पेलणार, तेही थंड असताना पूर्ण हवा भरलेली असली तरच. अतिभारात टायर तापतो आणि उन्हाळ्यात वेगात फुटतो. ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते आणि उंच कॅम्पर वळणावर डोलतो. ज्याचा तोल मुळातच गेलेला आहे, अशा माणसाला शेजारी बसवून हे धोके पत्करायचे नव्हते. एका दुकानदाराने हवेच्या स्प्रिंगा सुचवल्या, “मग हवे तेवढे न्या” म्हणाला. त्या स्प्रिंगांनी मागे बसलेली गाडी सरळ दिसते, डोलणेही कमी होते. पण दारावरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही. हे त्याला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

पहिली कपात पाण्याची. मुक्कामाच्या जागी नळ होता, त्यामुळे वाटेपुरते ३० लिटर ठेवले. ८५ किलो उतरले. (वापरलेले पाणी नाहीसे होत नाही, ते खालच्या सांडपाण्याच्या टाकीत साठते. ती टाकी निघण्यापूर्वी रिकामी करायची, एवढे लक्षात ठेवावे लागते.) उरले सामान. दुसरा सिलिंडर १७, अवजारांची पेटी १४, डाळ-तांदूळ, पीठ आणि डबे १८, पुस्तके ११, बाहेर मांडायच्या खुर्च्या व सतरंजी १२. पोलादी चाकांची खुर्ची ठेवून मुलाने हलकी ढकलखुर्ची आणून दिली, ८ किलो वाचले. असे ८० किलो कमी झाले.

तबला-डग्गा मात्र राहिला. पेटीसकट नऊ किलो. मुलगा म्हणाला, “आई, बाबांना आता वाजवता येत नाही, हे कशाला?” त्याचे खरे होते. ह्यांची बोटे आता शाईवर ठरत नाहीत. पण चालता चालता पाय जमिनीला चिकटून बसतात, तेव्हा ठेका कानावर पडला की पाऊल उचलते. लयीच्या आधाराने चालणे सुधारते, हे फिजिओथेरपिस्टांनीही आम्हाला शिकवले होते. बिघडलेल्या हाताने का होईना, हे सकाळी डग्ग्यावर चार थाप मारतात, मी मोजते, आणि आम्ही चालतो. मोबाईलवर ठेका वाजवता येतो, हे मलाही कळते. ह्यांनी मला एवढेच विचारले, “पाण्याचे नऊ लिटर कमी कर, चालेल?” मी पाणी कमी केले नाही, स्वतःचे कपडे आणि दोन पातेली कमी केली. ती वजनाने अडीच किलोही भरली नसतील. उरलेल्या किलोंची सवड मला काट्याकडूनच मिळणार होती.

दुसरी चिठ्ठी आली : पुढे २,०२५, मागे ३,११०, एकूण ५,१३५. एकूण ८१ आणि मागे ६५ किलोंची मोकळीक. ट्रकच्या आसनावर ह्यांच्या पायांशी पेटी बांधून ठेवली. चालत्या गाडीत माणसाने कॅम्परमध्ये बसायचे नाही, हे मी घरात कायदा म्हणून सांगितले. काही राज्यांत ते चालते, पण अशा आजारी माणसासाठी पट्टा आणि आसनच हवे.

भारतातल्या वाचकांना हे दूरचे वाटेल. पण आजारी माणसाला घेऊन गावी जाताना आपल्या मोटारीतही सहा माणसे, टपावर बॅगा आणि चाकाची खुर्ची असतेच. चालकाच्या दाराशी किंवा माहितीपुस्तकात टायरच्या हवेचा तक्ता असतो. पुष्कळ गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. टपावरच्या वजनाची मर्यादाही पुस्तकात सापडते. औषधांच्या यादीसोबत तेही वाचून घ्यावे.

मॅकिनॉ पुलावर (सुमारे आठ किलोमीटर लांब, १९५७ साली खुला झालेला) वारा सुटला की उंच गाड्यांना वेग कमी करायला लावतात. आम्हाला त्या दिवशी ताशी ३२ किलोमीटरच्या गतीने जावे लागले. कॅम्पर हलला, पण स्टिअरिंग हातात राहिले. हे डोळे मिटून बसले होते आणि गुडघ्यावर बोट आपटत होते.

मुक्कामाला पोचल्यावर कॅम्पर जॅकवर उतरवला. निर्मात्याच्या सूचनापुस्तकात परवानगी आहे हे आधी पाहिले होते. ट्रकवर असताना चार पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या आम्हाला मिळून जेमतेम जमतात. खाली आणल्यावर दोनच राहिल्या. वरचे, चालकाच्या डोक्यावरचे अंथरूण ह्यांना चढण्यासारखे नाही, म्हणून जेवणाच्या बाकांचा पलंग केला. रात्री उठल्यावर शौचालय तीन पावलांवर होते. सकाळी ट्रक मोकळा होता, म्हणून मी गावात जाऊन सिलिंडर भरून आणला, गोळ्या घेतल्या आणि डाळ विकत घेतली.