आधी कृती, मग मती

‘आपल्या लोकांची मानसिकताच बदलायला हवी’ हे वाक्य पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मी अनेक साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे. पुढचं सगळं ठरलेलं असतं. हॉटेलात दिवसभराचं ट्रेनिंग, पडद्यावर हिमनगाचं चित्र, दुपारी पनीरचं जेवण, शेवटी ग्रुप फोटो. सोमवारी शॉप फ्लोअरवर पुन्हा जैसे थे. मला वाटतं, इथं क्रमच चुकतो. माणूस विचार करून वागतो हे खरं. पण त्याहून जास्त वेळा तो जसा वागतो, तसा विचार करू लागतो.

वारीत हे सहज दिसतं. एकमेकांच्या पाया पडायचं, ही तिथली रीत. पहिल्यांदा आलेला शहरी अधिकारी शेतमजुरापुढे वाकतो तो केवळ रीत म्हणून, तेही अवघडत. चार मुक्काम झाले की अवघडलेपण गळून पडतं. समतेवर त्याला कोणी व्याख्यान दिलेलं नसतं.

कारखान्यातलं याचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टचं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब मालासाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावानं तिथं पुन्हा उत्पादन सुरू झालं. बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच. पूर्वी काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, असा दंडक होता. आता प्रत्येकाच्या हाताशी दोरी आली. अडचण दिसली की ती ओढायची. टीम लीडर धावत येणार आणि वेळेत तोडगा निघाला नाही तर लाइन थांबणार. दोरी ओढणाऱ्याला कोणी झापत नव्हतं. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून उत्तम दर्जाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. तिथं काम केलेल्या जॉन शूक यांनी पुढे लिहिलं, की संस्कृती बदलायची तर लोकांच्या विचारांपासून नव्हे, त्यांच्या कामाच्या पद्धतीपासून सुरुवात करावी.

वाईट दिशेनंही हे तितकंच खरं. एका कारखान्यात मी पाहिलंय, मशीनवर टांगलेली चेकशीट दर दोन तासांनी भरायची असे. ऑपरेटर शिफ्ट सुटताना एकाच पेनानं, एका दमात सगळे रकाने ‘ओके’ करी आणि सुपरवायझर न बघता सही ठोके. नव्या पोराला पहिल्या दिवशी हे खटकतं. महिनाभरानं तोच दुसऱ्याला सांगतो, ‘क्वालिटी म्हणजे कागद रे!’ त्याला कोणी बिघडवलेलं नसतं. रोजच्या खोट्या टिकांनी त्याचं मत घडवलेलं असतं.

बक्षिसांचंही असंच. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं आणि ‘काम मजेचं आहे’ असं पुढच्याला सांगायला लावलं. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर विचारलं, तेव्हा एक डॉलरवाल्यांनाच काम जास्त आवडलेलं निघालं. वीसवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण खिशात होतं. एकवाल्यांना ते मनात तयार करावं लागलं. म्हणजे भरघोस इन्सेंटिव्हनं काम करवून घेता येतं, पटवून घेता येतंच असं नाही. पण हे वाचून कोणी पगार कापायला निघू नये. त्याच प्रयोगातून हेही कळतं, की माणूस खोटंही स्वतःला पटवून देतो. कृतीतून मत घडवण्याचं हे हत्यार जपून वापरायचं आहे.

तेव्हा साहेब, माणसांची मनं नंतर पाहू. आधी चेकशीटवर सही करण्यापूर्वी मशीनपाशी दोन मिनिटं उभे राहा. कोणी वाईट बातमी आणली, तर पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असा न विचारता ‘काय झालं?’ असा विचारा. हे रोज करा. खालच्यांची मानसिकता बदलेल तेव्हा बदलेल. तुमची मात्र त्याआधीच बदलायला लागेल, आणि गरज बहुधा तिचीच जास्त असते.