१२७ दात्यांचे चाक

लेगोच्या डब्यात १२७ दात्यांचे चाक मिळत नाही. ८, १६, २४, ४० दात्यांची चाके मिळतात आणि खेळण्यातली मोटार किंवा क्रेन चालवायला ती पुरेशी असतात. अँड्र्यू कॅरल यांना मात्र मोटार चालवायची नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक यंत्राचे काम त्यांना प्लास्टिकच्या ठोकळ्यांकडून करून घ्यायचे होते. ते काम होते ग्रहणे केव्हा होणार हे सांगण्याचे. आणि त्या यंत्राचा सारा हिशेब १२७ आणि २२३ या दोन अडेलतट्टू संख्यांवर उभा होता.

धागा थोडा लांब आहे. मध्ये गणित येईल, पण ते बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे जाणार नाही.

आधी ते यंत्र. १९०० साली सिमी बेटावरचे, स्पंज काढण्यासाठी बुड्या मारणारे काही पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा या बेटाच्या आडोशाला थांबले. हे बेट क्रीटच्या वायव्येला आहे. वादळ ओसरल्यावर एलिआस स्टाडिआटिस हा पाणबुडा खाली उतरला आणि घाबराघुबरा होऊन वर आला. तळाशी प्रेतांचा खच पडला आहे, असे तो सांगू लागला. ती प्रेते नव्हती. एका प्राचीन जहाजाबरोबर बुडालेले कांस्याचे आणि संगमरवराचे पुतळे होते. पुतळे वर आले, त्यांचे कौतुक झाले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गंजलेल्या धातूच्या एका ढेकळाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मे १९०२ मध्ये व्हॅलेरिओस स्टाइस यांना त्या ढेकळात एक दातेरी चाक दिसले. आज त्या यंत्राचे ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत आणि त्यांत ३० चाके ओळखता आली आहेत. यंत्र इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले. आकार एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा. एवढी गुंतागुंत असलेले दातेरी चाकांचे काम त्यानंतर दिसते ते थेट चौदाव्या शतकातल्या युरोपीय घड्याळांत. सिसरोच्या लेखनात आर्किमिडीजने केलेल्या अशाच एका यंत्राचा उल्लेख आहे. तो वाचणाऱ्यांना त्यात अतिशयोक्ती वाटली असेल, तर त्यांना फार दोष देता येत नाही.

हे यंत्र सोडवत होते तो प्रश्न मराठी घरात वाढलेल्या कोणालाही परका नाही. बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडे पडते. म्हणून साधारण तीन वर्षांनी पंचांगात अधिक मास धरावा लागतो, आणि त्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण मिळते. १९ वर्षांत असे ७ अधिक मास येतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, त्यात ७ मिळवले की २३५. एकोणीस सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास जवळजवळ बरोबरीने संपतात. ग्रीकांनी या चक्राला मेटन या अथेन्सच्या ज्योतिर्विदाचे नाव दिले. यंत्राच्या मागच्या बाजूला २३५ घरांचे एक सर्पिल कोरलेले आहे, ते याच चक्राचे.

त्याच १९ वर्षांत चंद्र ताऱ्यांमधून आकाशाच्या २५४ फेऱ्या पुऱ्या करतो. २५४ म्हणजे दोन वेळा १२७. आणि १२७ ही मूळ संख्या आहे. तिला १ आणि १२७ यांशिवाय कशानेही भाग जात नाही.

दातेरी चाकांची साखळी फक्त गुणाकार आणि भागाकार जाणते. ४० दात्यांचे चाक ८ दात्यांच्या चाकाला जोडले की वेग पाचपट होतो. पुढे २४ आणि ८ ची जोडी लावली की पंधरापट. पण १२७ कोणत्याही लहान संख्यांच्या गुणाकारातून निघत नाही. मूळ यंत्राच्या कारागिराने यावर सरळ आणि कष्टाचा उपाय केला. त्याने १२७ दात्यांचे चाकच कापले. त्याची साखळी आज जशी मांडली जाते ती अशी आहे: ६४ चे चाक ३८ ला, ४८ चे २४ ला आणि १२७ चे ३२ ला. या तीन जोड्यांचा गुणाकार करून पाहावा, उत्तर नेमके २५४ भागिले १९ येते.

ग्रहणांसाठीची संख्या याहून वाईट आहे. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे १८ वर्षे आणि सुमारे ११ दिवसांनी, ग्रहणे त्याच क्रमाने पुन्हा येऊ लागतात. या चक्राला सारोस म्हणतात. २२३ हीसुद्धा मूळ संख्याच. तेव्हा कारागिराने कांस्याच्या पातळ पत्र्यावर वर्तुळाचे २२३ समान भाग आखले आणि हाताने एकेक त्रिकोणी दाता काढला. कंपासने वर्तुळाचे सहा भाग शाळेत सगळ्यांनीच केलेले असतात. २२३ भाग एकदा करून पाहण्यासारखे आहेत.

आता कॅरल. ॲपल कंपनीत सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या या गृहस्थांनी त्याआधी चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राची एक लहान, चालणारी आवृत्ती लेगोमध्ये केली होती. अँटिकिथेरा यंत्राचे काम त्यांनी २०१० साली हाती घेतले. त्यांच्याकडची चाके २, ३ आणि ५ या अवयवांचीच. या चाकांच्या कितीही साखळ्या जोडल्या तरी १२७ येणार नाही, २२३ येणार नाही, १९ सुद्धा येणार नाही. नवीन चाक कापून घेतले असते तर प्रश्न मिटला असता आणि खेळही संपला असता. या छंदाची सगळी गंमत हातात आहेत त्या भागांवर भागवण्यात आहे.

गुणाकाराने जे मिळत नाही ते बेरजेने मिळू शकते. १२७ म्हणजे १२५ आणि २. १२५ म्हणजे पाचाचा घन, तो सहज मिळतो. २२३ म्हणजे २२५ वजा २, आणि २२५ म्हणजे तीन त्रिक नऊ, पाच पंचे पंचवीस, यांचा गुणाकार. प्रश्न एवढाच उरतो की दोन फिरत्या दांड्यांची बेरीज करायची कशी. त्याचे उत्तर रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीखाली असते. मोटार वळण घेते तेव्हा बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी. आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या डिफरन्शियलचा पिंजरा त्यांच्या सरासरी वेगाने फिरतो. सरासरी म्हणजे बेरजेचे निम्मे. ती पुढच्या जोडीत दुप्पट केली की बेरीज हाती आली. एक दांडा उलटा फिरवला की वजाबाकी. लेगोच्या टेक्निक मालिकेत हा डिफरन्शियल खेळण्यातल्या गाड्यांसाठी मिळतोच. कॅरल यांनी गाडीचा तो भाग उचलून गणिताला लावला. सुमारे १५०० सुटे भाग, ११० चाके आणि ३० दिवस खर्चून यंत्र उभे राहिले. डिसेंबर २०१० मध्ये जॉन पाव्लस यांची लघुफीत आली आणि ते जगभर पाहिले गेले.

याला प्रतिकृती म्हणावे का? काटेकोरपणे, नाही. आतली रचना मूळ यंत्राची नाही. प्रश्न तोच आहे, उत्तराकडे जाणारी वाट वेगळी आहे. पण त्या वेगळेपणामुळेच एक गोष्ट लख्ख दिसते. प्राचीन कारागिराने एका चाकात जे बसवले, ते लेगोमध्ये करायला चाकांचा घोळका लागतो. काचेच्या पेटीतला हिरवट तुकडा पाहून १२७ दाते कापण्याची किंमत कळत नाही. ते चाक हाताशी नसले की कळते.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोरांना हे न सांगता ठाऊक असते. त्यांच्या रायगडावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याला प्लास्टिकचा वाघ फिरतो. पण महादरवाजा दोन बुरुजांच्या आड का दडवला आहे, हे माती थापताना जितके पक्के समजते तितके पुस्तकातल्या नकाशावरून समजत नाही.

इथे एक धोकाही आहे, आणि याच यंत्राच्या अभ्यासात तो घडून गेला आहे. डेरेक डी सोला प्राइस यांनी कारालांबोस काराकालोस यांच्या मदतीने १९७१ मध्ये तुकड्यांची क्ष-किरण चित्रे घेतली आणि १९७४ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. २५४ आणि १९ ची साखळी त्यांचीच देणगी. तिच्यासमोर आजही आदराने थांबावे लागते. पण मागच्या बाजूच्या काही चाकांत त्यांना डिफरन्शियल दिसला. चंद्राच्या गतीतून सूर्याची गती वजा करायला तो हवाच, असे त्यांना वाटले. ती कल्पना इतकी मोहक होती की प्राचीन ग्रीकांचा डिफरन्शियल म्हणून ती पुस्तकांतून फिरू लागली. त्या मांडणीवरून केलेली प्रतिकृतीही झाली.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयातले मायकेल राइट यांनी त्या मांडणीला आक्षेप घेतला. २००५ मध्ये काही टन वजनाचे क्ष-किरण यंत्रच अथेन्सला नेण्यात आले, कारण तुकडे संग्रहालयाबाहेर नेणे शक्य नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये टोनी फ्रीथ, माइक एडमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. प्राइस यांनी डिफरन्शियल मानलेल्या चाकांचे काम निराळेच निघाले. तिथे एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत सरकते आणि दोघांचे केंद्र किंचित वेगळे आहे. त्यामुळे चंद्राचा काटा कधी जलद, कधी संथ चालतो, अगदी आकाशातल्या चंद्रासारखा. प्राइस यांच्या कल्पनेपेक्षा ही युक्ती कितीतरी अधिक देखणी आहे. त्यांचीही चाके फिरत होती. मूळ यंत्रातली चाके तशी फिरत नव्हती, एवढेच.

कॅरल यांचा डिफरन्शियल आणि प्राइस यांचा डिफरन्शियल यांतला फरक हाच. एकाने तो लेगोच्या अडचणीवर उपाय म्हणून उघडपणे वापरला. दुसऱ्याने तो कारागिराच्या नावावर लिहिला.

शेवटी ग्रहणाचे. २९ मार्च २००६ ला आफ्रिका आणि तुर्कस्तानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. कास्टेलोरिझो या लहानशा ग्रीक बेटावरही दिवसा अंधार झाला. सारोसचा काटा त्या दिवसापासून २२३ महिने पुढे नेला की तो ८ एप्रिल २०२४ वर येतो, चाके कांस्याची असोत की प्लास्टिकची. त्या दिवशी ग्रहण झाले, पण मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात. कारण सारोस पूर्ण दिवसांत संपत नाही, वर सुमारे आठ तास उरतात, आणि तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते. मूळ कारागिराला हे ठाऊक होते. ग्रहणांच्या सर्पिलाच्या आत त्याने आणखी एक छोटी तबकडी बसवली आहे. तिचे तीन भाग आहेत: पहिला कोरा, दुसऱ्यावर ८ चा आकडा, तिसऱ्यावर १६ चा. किती तास मिळवायचे, ते.