वाळवंटातला फगा

कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा, चाचा किंवा मामू कुवेतला नोकरीला असतो. त्याच्या फोनवर आपण उंच इमारती पाहतो, समुद्र पाहतो, मॉल पाहतो. वाळवंटातला मेवा मात्र सहसा कुणी दाखवत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस वेळेवर झाला, की जानेवारी ते मार्चमध्ये कुवेती कुटुंबे फगा शोधायला वाळवंटात निघतात. अल-रई भागात त्याचा हंगामी बाजार भरतो. दिसतो बटाट्यासारखा, पण ही जमिनीखाली वाढणारी बुरशी. पांढरट तो जुबैदी, तांबूस तो खलासी. गंमत म्हणजे तिथे पापलेटलाही जुबैदीच म्हणतात! फग्याचे जुने अरबी नाव कमअ. हदीसमध्ये त्याची गणना 'मन्न'मध्ये केली आहे. न पेरता, न राबता मिळालेली अल्लाहची देणगी, असा त्याचा अर्थ उलेमा सांगतात.

शोधणाऱ्याची नजर असते रकरूक या बुटक्या झुडपावर. त्याच्या आसपास वाळू किंचित फुगून तडकलेली दिसली, की तो तिथे हलकेच उकरतो. विजा कडाडल्या की फगा येतो, असे बदू सांगत. खरे गुपित मुळाशी आहे. फग्याचे बारीक तंतू रकरूकच्या मुळांना जोडलेले असतात. मुळे पोहोचत नाहीत तिथले पाणी आणि स्फुरद ते आणून देतात; झुडूप त्यांना आपल्या पानांत तयार झालेली साखर देते. कोकणात वारुळावरची अळंबी वाळवीच्या जोडीने येते, तसा हा झुडपाच्या जोडीने.

जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रँक यांच्याकडे ट्रफल, म्हणजे युरोपातल्या अशाच बुरशीची लागवड करता येते का, हे पाहण्याचे काम होते. त्यातूनच १८८५ साली त्यांनी या नात्याला 'मायकोरायझा', म्हणजे बुरशी-मूळ, असे नाव दिले. जगातली बहुतेक जंगले याच भागीदारीवर उभी आहेत.

पण अति चराईने आणि गाड्यांच्या चाकांखाली रकरूक नष्ट होते. झुडूप गेले की फगाही गेला, मग पाऊस कितीही पडो.

तुमच्यापैकी कुणी तिथे जाणार असेल, तर झुडूप उपटू नका, उकरलेला खड्डा बुजवा. १९९०-९१च्या युद्धात त्या वाळूत सुरुंग पेरले गेले होते, म्हणून अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावू नका. फगा घरी आणलात, तर वाळू पूर्ण निघेपर्यंत धुवा, सोला आणि मटणाबरोबर भातात शिजवा.